ऐन तिशी-चाळिशीतला हार्ट अटॅक आणि घराण्यातून येणारे कोलेस्टेरॉल



तिशी-चाळिशीतला कमावता माणूस हार्ट अटॅकने अचानक गेला की वस्तीत तऱ्हेतऱ्हेची बोलणी सुरू होतात. कुणी म्हणते नजर लागली. कुणी म्हणते करणी केली. कुणी म्हणते गेल्या जन्मीचे भोग. सगळ्यात वाईट बोलणे त्याच्या बायकोच्या वाट्याला येते. पांढऱ्या पायाची आली आणि नवऱ्याला खाऊन बसली, असे तिला ऐकावे लागते. जलदान विधी होतो, पुण्यानुमोदन होते, लोक पांगतात. पण गेलेल्या माणसाचे भाऊ, बहिणी आणि लेकरे यांच्या रक्तात काय चालले आहे, हे कुणी तपासत नाही. खरे तर त्या घरासाठी सर्वांत तातडीचे काम तेच असते.

काही घराण्यांत रक्तातले कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असते. ते आईकडून किंवा वडिलांकडून येते. त्याचा त्रास होत नाही, दुखत नाही, ताप येत नाही. वीस-पंचवीस वर्षे ते गुपचूप धमन्या अरुंद करत राहते आणि मग एक दिवस माणूस कोसळतो. हा दोष एका साध्या रक्ततपासणीत सापडतो आणि रोजच्या एका गोळीने बऱ्याच अंशी काबूत राहतो. म्हणून या अंकात आम्ही हा विषय सविस्तर मांडत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. प्रत्येक हार्ट अटॅक या कारणाने येत नाही. तंबाखू, बीडी-सिगारेट, वाढलेले ब्लडप्रेशर, साखर, पोटाचा घेर ही कारणे जास्त लोकांत असतात. पण ही सगळी कारणे आणि घराण्यातला दोष एकत्र आले, तर धोका अनेक पटींनी वाढतो.

कोलेस्टेरॉल शत्रू नाही

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणाला तो लागतो. काही हार्मोन, ड जीवनसत्त्व आणि अन्न पचवणारे पित्त त्याच्यापासून तयार होते. त्याच्याशिवाय माणूस जगू शकत नाही. त्यातला बराचसा भाग शरीर स्वतःच बनवते, आणि यकृत म्हणजे लिव्हर हा त्याचा मोठा कारखाना आहे. उरलेला भाग खाण्यातून येतो.

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. म्हणून ते प्रथिनांच्या वेष्टनात बांधून फिरवले जाते. रिपोर्टवर ‘एलडीएल’ असे जे लिहिलेले असते, ते असेच एक गाठोडे आहे. ते गरजेपेक्षा जास्त झाले आणि वर्षानुवर्षे जास्तच राहिले, तर धमन्यांच्या भिंतीत शिरून साचते. तिथे थर तयार होतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद पडतो. यालाच हार्ट अटॅक म्हणतात. हेच मेंदूच्या धमनीत झाले तर लकवा मारतो, पायाच्या धमनीत झाले तर चालताना पोटऱ्या भरून येतात.

गोदामाची शटर

जन्मजात दोष नेमका कुठे असतो, ते समजायला एक उदाहरण घेऊ. लिव्हर हे एक मोठे गोदाम समजा. एलडीएल म्हणजे माल भरून आलेले टेम्पो. गोदामाला दहा शटर आहेत. शटर उघडी असली की टेम्पो आत जातात, माल उतरतो आणि रस्ता मोकळा राहतो. आता दहापैकी पाच शटर कायमची बंद आहेत असे समजा. टेम्पो तेवढेच येतात, पण रस्त्यावर रांग लागते. रस्ता म्हणजे आपले रक्त.

पेशीवरच्या या शटरला विज्ञानात एलडीएल रिसेप्टर म्हणतात. ते कसे बनवायचे याची कृती आपल्या जनुकात लिहिलेली असते. त्या कृतीत चूक असली तर शटर कमी बनतात किंवा बनूनही उघडत नाहीत. कधी शटर ठीक असते, पण टेम्पोचा जो भाग शटरला जुळायचा तोच बिघडलेला असतो. त्या भागाला अपोबी म्हणतात. कधी पीसीएसके९ नावाचे प्रथिन वाजवीपेक्षा जास्त काम करते आणि चांगली शटरही मोडीत काढते. तिन्ही दोषांचा परिणाम एकच : एलडीएल रक्तात साचून राहते. डॉक्टर याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. आपण त्याला घराण्यातले कोलेस्टेरॉल म्हणू.

हा दोष दुर्मीळ नाही. जगभरात साधारण अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला तो असतो. चार-पाच हजार लोकवस्तीच्या आपल्या एखाद्या नगरात या हिशोबाने पंधरा-वीस माणसे अशी असू शकतात. त्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नसते.

वारसा कसा येतो

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. दोनपैकी एक जरी बिघडलेली असली तरी साधारण निम्मी शटर बंद राहतात आणि एलडीएल जवळपास दुप्पट होते. असा दोष असलेल्या आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. नाणे उडवल्यावर छापा किंवा काटा पडतो तसे. पहिल्या मुलाला आला म्हणून दुसरा सुटला असे नाही, आणि पहिला सुटला म्हणून दुसऱ्याला येईलच असेही नाही. दर वेळी नाणे नव्याने उडते.

मुलगा-मुलगी असा भेद इथे नाही. आईकडूनही दोष तितकाच येतो. म्हणून चौकशी करताना फक्त चुलते आणि आजा यांचीच नव्हे, तर मामा, मावशी आणि आजीचीही करावी लागते.

या दोषावर उपचार झाला नाही, तर पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार होतो. स्त्रियांपैकी साधारण तीस टक्क्यांना साठीपर्यंत होतो. वेळेत उपचार सुरू झाला तर हा धोका खूप खाली येतो.

नवरा तरुणपणी गेला म्हणून बायकोला दोष देणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. ती या घरात लग्न करून येण्याच्या कितीतरी आधी, तो आईच्या पोटात असतानाच हा दोष त्याच्या अंगात आलेला असतो.

बाबासाहेबांनी सांगितलेला फरक

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात कर्माची चर्चा करताना बाबासाहेबांनी आनुवंशिकतेचा मुद्दा घेतला आहे. मूल आईवडिलांचे गुणधर्म घेऊन जन्माला येते असे विज्ञान सांगते. मूल गेल्या जन्मीचे कर्म घेऊन येते असे जुना कर्मसिद्धांत सांगतो. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. घराण्यातले कोलेस्टेरॉल हे त्याचे चांगले उदाहरण आहे. इथे पाप नाही, शाप नाही. कारण आहे, आणि ते मोजता येते.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि तसे करण्याचा मार्ग आहे. तथागतांनी सांगितलेली ही चार सत्ये आपण वंदनेनंतर ऐकतो. आजाराकडेही याच नजरेने पाहायचे. गंडा-दोरा, अंगारा आणि देवऋषी यांत गेलेला प्रत्येक महिना म्हणजे धमनीत साचलेला आणखी एक थर आहे.

शोध कसा लागला

नॉर्वेचे डॉक्टर कार्ल म्युलर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस एक गोष्ट नोंदवली. काही कुटुंबांत टाचेच्या शिरेवर आणि बोटांच्या सांध्यांवर पिवळसर गाठी दिसत होत्या, रक्तात कोलेस्टेरॉल जास्त होते आणि हृदयविकार पिढ्यान्‌पिढ्या चालत होता. १९६४ मध्ये लेबनॉनमधले डॉक्टर अवेदिस खाचादुरियन यांनी तिथल्या कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले की, एका पालकाकडून दोष आला तर आजार मध्यम असतो आणि दोघांकडून आला तर अतितीव्र असतो.

दोन्हीकडून दोष आलेली मुले फार थोडी असतात, काही लाखांत एक. पण त्यांचे एलडीएल पाचशेच्याही वर जाते आणि शाळकरी वयातही हार्ट अटॅक येऊ शकतो. अमेरिकेतल्या डॅलस शहरात मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन डॉक्टरांनी अशा मुलांच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि निरोगी माणसाच्या पेशींशी ताडून पाहिल्या. निरोगी पेशी एलडीएल पकडून आत घेत होत्या. या मुलांच्या पेशींना ते जमत नव्हते. अशा रीतीने १९७३-७४ च्या सुमारास ते ‘शटर’ सापडले. १९८५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

काळ्या अमेरिकन माणसांमुळे मिळालेले ज्ञान

पुढची हकिगत आपल्याला जास्त जवळची वाटेल. २००० सालाच्या सुमारास त्याच डॅलसमध्ये हृदयरोगाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात निम्म्याच्या आसपास माणसे काळ्या समाजातली असतील अशी मुद्दाम काळजी घेतली होती. हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन या संशोधकांनी नेहमीच्या उलट प्रश्न विचारला. कोलेस्टेरॉल जास्त का आहे हे सगळे विचारतात. काही जणांचे इतके कमी का आहे?

उत्तर पीसीएसके९ मध्ये मिळाले. शटर मोडीत काढणारे हेच ते प्रथिन. २००३ साली फ्रान्समधल्या कुटुंबांत ते जास्त काम करताना आढळले होते आणि तिथे कोलेस्टेरॉल जास्त होते. डॅलसमधल्या काही काळ्या माणसांत मात्र त्याची एक प्रत जन्मतः बंद होती. त्यामुळे त्यांची शटर जास्त आणि एलडीएल कमी होते. २००६ साली दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासातल्या काळ्या लोकांची पंधरा वर्षांची माहिती तपासली गेली. अशा माणसांचे एलडीएल इतरांपेक्षा साधारण २८ टक्के कमी होते आणि हृदयविकाराचा धोका तब्बल ८८ टक्के कमी होता. त्याच सुमारास ३२ वर्षांची एक काळी स्त्री आढळली. तिच्या दोन्ही प्रती बंद होत्या. तिचे एलडीएल फक्त १४ होते आणि ती ठणठणीत होती.

यातून दोन धडे मिळाले. पहिला असा की, धमन्यांचे नुकसान म्हणजे आयुष्यभराची बेरीज असते. एलडीएल किती आहे आणि किती वर्षे आहे, हे दोन्ही मोजावे लागते. जन्मापासून थोडे कमी असले तर फायदा मोठा होतो, जन्मापासून जास्त असले तर नुकसानही मोठे. म्हणून उपचार जितक्या लवकर तितका चांगला. दुसरा धडा असा की, ज्या समाजाला अभ्यासात घेतलेच जात नाही, त्याच्या शरीरातले ज्ञानही जगापासून दडलेले राहते. काळी माणसे मोजली गेली म्हणून साऱ्या जगाला उपयोगी पडणारे औषध तयार झाले. वस्तीत सरकारी आरोग्य तपासणी आली तर दार लावून बसू नये, याचे हेही एक कारण आहे.

इतर वारसे

घराण्यातला दोष नेहमी एकाच जनुकात असतो असे नाही. अनेक जनुकांतले बारीक बारीक फरक एकत्र येऊनही एलडीएल वाढते. अपोई नावाच्या जनुकाचे एक रूप ते थोडे वाढवते. याशिवाय लिपोप्रोटीन-ए नावाचा एक घटक आहे. त्याचे प्रमाण जवळजवळ पूर्णपणे वारशानेच ठरते आणि पथ्याने ते फारसे बदलत नाही. आपल्या भागातल्या, म्हणजे भारत-पाकिस्तान-बांगलादेश-श्रीलंकेतल्या पुष्कळ लोकांत ते वाढलेले असते. ते ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर हृदयविकाराचा धोका वाढतो. आयुष्यात एकदा ही तपासणी केली तरी पुरते. घरात कमी वयात अटॅक आले असतील आणि एलडीएल मात्र ठीक असेल, तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारावे.

आपल्याकडे हार्ट अटॅक लवकर येतो हेही खरे आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या जागतिक अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचे मधले वय ५३ होते. इतर देशांत ते ५९ च्या जवळ होते.

ओळखायचे कसे

पुढीलपैकी एक जरी गोष्ट घरात असेल तर तपासणी करून घ्यावी.

- रक्ताच्या नात्यातल्या पुरुषाला ५५ वर्षांच्या आत किंवा स्त्रीला ६० वर्षांच्या आत हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली, किंवा झोपेत-कामावर अचानक मृत्यू झाला.
- टाचेच्या मागची शीर जाड झाली आहे किंवा बोटांच्या सांध्यांवर टणक गाठी आहेत.
- पापण्यांजवळ पिवळसर चट्टे आहेत.
- ४५ वर्षांच्या आत डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडे दिसू लागले आहे. म्हाताऱ्या माणसात असे कडे दिसले तर काळजीचे कारण नाही.

गाठी आणि चट्टे नाहीत म्हणजे दोष नाही, असे मात्र समजू नये. पुष्कळांच्या अंगावर काहीच दिसत नाही. खात्री फक्त रक्ततपासणीने होते.

तपासणीचे नाव ‘लिपिड प्रोफाइल’. बहुतेक वेळा त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही; लॅबने सांगितले तरच राहावे. रिपोर्टमध्ये ‘एलडीएल’ची ओळ शोधावी. मोठ्या माणसात १०० च्या खाली असेल तर उत्तम. १९० किंवा जास्त असेल तर घराण्यातल्या दोषाचा दाट संशय घ्यावा. लहान मुलात १६० च्या वर असेल तरीही तोच संशय घ्यावा. थायरॉइडच्या आणि किडनीच्या काही आजारांतही एलडीएल वाढते, म्हणून डॉक्टर तेही तपासतात. जनुकांची तपासणी महाग असते. उपचार सुरू करायला ती लागतेच असे नाही.

आशाताई तीस वर्षांवरील लोकांचे ब्लडप्रेशर आणि साखर तपासण्यासाठी येतात, तेव्हा कोलेस्टेरॉल त्यात धरलेले नसते. ते आपणहून मागावे लागते. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात डॉक्टरांना स्पष्ट सांगा : “माझा भाऊ अडतिसाव्या वर्षी अटॅकने गेला. मला लिपिड प्रोफाइल करायचे आहे.” एवढ्या एका वाक्याने काम सोपे होते.

खाण्यावरून टोमणे आणि खाण्याचे सत्य

“तुम्ही लोक मटण-मांस खाता म्हणून असे होते,” हा टोमणा आपल्याला नवा नाही. तो अर्धवट माहितीवर आधारलेला आहे. घराण्यातला दोष असलेला माणूस शुद्ध शाकाहारी असला तरी त्याचे एलडीएल जास्तच राहते. तूप, लोणी, साय, वनस्पती तूप, पामतेल यांतली चरबीही एलडीएल वाढवते, आणि हे सगळे शाकाहारीच आहे.

तरीही पथ्याचा उपयोग आहे, फक्त त्याची मर्यादा ओळखावी. चांगल्या पथ्याने एलडीएल साधारण दहा-पंधरा टक्के उतरते. २४० असेल तर २०५-२१५ वर येईल. चांगले आहे, पण पुरेसे नाही. म्हणून या आजारात पथ्य आणि गोळी दोन्ही लागतात.

आपल्या घरचे जुने खाणे यासाठी चांगले आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, हरभरा, मसूर, मटकी, पालेभाज्या, मूठभर शेंगदाणे हे सगळे उपयोगाचे. ताजी मासळी चांगली. सुकट-बोंबिलात मीठ फार असते. ते धुऊन, बेताने खावे. मटण-वजडी महिन्यातून एखाद-दोन वेळा, वरचा चरबीचा तवंग काढून. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले वडे-भजी, बेकरीची खारी आणि बटर रोज नको.

तंबाखूबद्दल आम्ही दर अंकात लिहितो, आज आणखी ठासून लिहितो. ज्याच्या रक्तात जन्मतः कोलेस्टेरॉल जास्त आहे, त्याने बीडी, गुटखा आणि मळलेला तंबाखू चालू ठेवणे म्हणजे आगीत रॉकेल ओतणे आहे. बायका दातांना लावतात ती मशेरीही तंबाखूच आहे. पंचशीलातले पाचवे शील पाळणाऱ्या घरात दारूसोबत हेही बंद झाले पाहिजे.

गोळी काय करते

जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो हे शेतकऱ्याचे मुलगे. त्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे सहा हजार बुरशा तपासल्या आणि १९७३ मध्ये एका बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पदार्थ शोधला. त्यातून पुढे ‘स्टॅटिन’ गटाची औषधे तयार झाली. या गटातले पहिले औषध अमेरिकेत १९८७ साली बाजारात आले. आज आपल्याकडे ॲटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन या गोळ्या सर्वत्र मिळतात. जन औषधी केंद्रात त्या फार स्वस्त असतात.

गोदामाच्या भाषेत सांगायचे तर गोळी गोदामाच्या आतला कारखाना मंद करते. आत माल कमी पडला की गोदाम बाहेरचा माल घ्यायला जास्त शटर उघडते. रस्त्यावरची रांग कमी होते. योग्य डोसने एलडीएल ३० ते ५० टक्के उतरते. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टर एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडतात. पीसीएसके९ रोखणारी इंजेक्शने २०१५ पासून जगात वापरात आहेत. ती अजून महाग आहेत. फार थोड्यांना लागतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*काही त्रास नाही, मग गोळी कशाला?*
हा आजार त्रास देत नाही, म्हणूनच फसवतो. पुष्कळांच्या बाबतीत पहिले लक्षण हार्ट अटॅक हेच असते.

*एलडीएल उतरले. आता गोळी बंद करू का?*
नाही. गोळीमुळेच उतरले आहे. शटरचा दोष जन्माचा आहे, त्यामुळे गोळीही कायमची. बंद केल्यास काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर जातो.

*गोळीने लिव्हर खराब होते, असे म्हणतात.*
गंभीर इजा फार क्वचित होते. काहींना स्नायू दुखतात, काहींची साखर थोडी वाढते. असे झाले तर डॉक्टर डोस किंवा गोळी बदलतात. आपल्या मनाने बंद करू नये.

*लहान मुलाला गोळी देतात का?*
घरात दोष नक्की झाला असेल तर मुलांची तपासणी पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान करून घ्यावी. गरज असेल तर साधारण आठ-दहा वर्षांपासून डॉक्टर कमी डोस सुरू करतात. दोन्हीकडून दोष आलेल्या मुलाचा उपचार त्याहूनही लवकर आणि मोठ्या रुग्णालयात सुरू करावा लागतो.

*गरोदरपणात?*
दिवस राहण्याचा विचार असेल तेव्हाच डॉक्टरांना सांगावे. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना स्टॅटिन साधारणपणे थांबवतात.

लग्न जुळवताना

मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा करण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. एकाच घराण्यातला दोष दोघांकडेही असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलात दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाचा आजार अतितीव्र असतो. म्हणून ज्या घरात कमी वयात अटॅक आले आहेत, तिथे नात्यात लग्न ठरवण्याआधी दोघांचीही लिपिड प्रोफाइल करावी.

बंद वर्तुळात लग्ने होत राहिली की काय होते, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. तिथला गोरा आफ्रिकानर समाज युरोपातून गेलेल्या थोड्या कुटुंबांपासून वाढला आणि आपापसातच लग्ने करत राहिला. त्यांच्यात हा दोष साधारण दर सत्तर ते शंभर माणसांत एकाला आहे. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे हे दाखवले होते. समाजाला त्याने काय केले ते आपण भोगले आहे. शरीरालाही त्याचा फायदा नाही.

हा दोष मात्र कोणत्याही एका जातीचा नाही. तो सर्व जातिधर्मांत आणि सर्व देशांत आढळतो. म्हणून तो लपवू नये. आणि कोलेस्टेरॉल जास्त आहे म्हणून मुलगी नाकारूही नये. ज्यावर रोजची एक स्वस्त गोळी आहे, त्यासाठी कुणाचे आयुष्य मोडण्याचे कारण नाही.

छातीत दुखले तर

छातीत दाब, दुखणे डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, घाम फुटणे, दम लागणे ही लक्षणे दिसली तर गॅस झाला म्हणून सोडा पीत बसू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा आणि रुग्णालय गाठावे. बायकांना आणि साखरवाल्यांना कधी छातीत दुखतच नाही. नुसता दम, घाम किंवा मळमळ होते. बाईच्या दुखण्याला ‘काम चुकवते’ म्हणून उडवून लावू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपासचा समावेश आहे. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरात एकाच जागी, सगळ्यांना माहीत असेल असे ठेवावे.

विहारात करण्यासारखे काम

किसा गोतमी मेलेले लेकरू घेऊन तथागतांकडे आली, तेव्हा त्यांनी तिला ज्या घरात कुणी मेले नाही तिथून मोहरी आणायला सांगितली. घरोघर विचारता विचारता तिला सत्य कळले. आपणही घरोघर विचारायचे आहे, पण आपला प्रश्न थोडा वेगळा आहे : तुमच्याकडे कोण गेले, कितव्या वर्षी गेले आणि कशाने गेले?

येत्या पौर्णिमेला किंवा रविवारच्या वंदनेला प्रत्येक कुटुंबाने एक कोरा कागद आणावा. वर आजी-आजोबा, दोन्ही बाजूंचे. त्याखाली आई-वडील, चुलते, आत्या, मामा, मावश्या. त्याखाली आपण, भावंडे आणि मुले. प्रत्येक नावापुढे वय लिहावे आणि अटॅक, लकवा, साखर किंवा अचानक मृत्यू यांपैकी काही असल्यास त्याची खूण करावी. लिहिता येणाऱ्या मुला-मुलींनी म्हाताऱ्यांना मदत करावी. महिला मंडळाने आणि तरुणांनी हे काम हाती घ्यावे. कागद ज्याचा त्याच्या घरीच ठेवावा. दुसऱ्याच्या घरची माहिती चावडीवर नेऊ नये.

ज्या कागदावर ५५-६० च्या आतल्या खुणा दिसतील, त्या घरातल्या सर्वांनी महिन्याच्या आत लिपिड प्रोफाइल करावी. एकाचे एलडीएल १९० च्या वर निघाले, तर त्याची भावंडे, मुले आणि आईवडील यांना बोलावून त्यांचीही करावी. गावाकडच्या आणि परगावच्या नातेवाइकांनाही फोन करून सांगावे. एक माणूस सापडला की त्याच्यामागे घरातले आणखी दोघे-तिघे वेळेत सापडू शकतात.

गेलेला माणूस परत येत नाही. पण त्याच्या जाण्याचे खरे कारण शोधले, तर त्याची लेकरे त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त वर्षे जगतील. पुण्यानुमोदनाला जमलेल्या नातेवाइकांनी पांगण्याआधी रक्त तपासायचा दिवस ठरवावा, एवढीच आमची विनंती आहे.